पानावरची चांदीची रेघ: नागअळी ओळखायला शिकलेल्या माणसांची गोष्ट

आजचा भाग ऐकता ऐकता एक काम करा. गॅलरीत, सोसायटीच्या कोपऱ्यात, शेताच्या बांधावर, कुठेही लिंबाचं झाड असेल तर त्याची कोवळी पानं उलटसुलट करून बघा. दहातल्या एखाद्या पानावर तरी एक वेडीवाकडी, चांदीसारखी चमकणारी रेघ दिसेल. गोगलगाय चालून गेल्यासारखी. बोटाने पुसून बघितलीत तरी ती जाणार नाही, कारण ती पानावर नाहीच. ती पानाच्या आत आहे.

पानाचा वरचा पापुद्रा आणि आतला गर यांच्या मधे एक अळी राहते. तिचं घरही तेच आणि जेवणही तेच. खात खात ती पुढे सरकते आणि मागे बोगदा राहतो. शेतकरी तिला नागअळी म्हणतात, ते त्या नागमोडी रेघेवरून. नाव झकास आहे. पण याच नावात एक घोळ आहे, आणि आजची गोष्ट त्या घोळाचीच आहे.

२०१५ साली माझ्या मामांच्या टोमॅटोवर नागअळी आली. दुकानातून औषध आणलं, मारलं. फरक नाही. परत मारलं, तरी नाही. मामांनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला आणि विचारलं, "तू ते किड्यांचं वाचतोस ना, सांग हे काय आहे?" फोटोत एक करपलेलं पान होतं. मला काही सांगता आलं नाही. टोमॅटोच्या पानात बोगदे करणारे निदान दोन वेगळे जीव आहेत, आणि मराठीत दोघांचंही नाव नागअळीच, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. एक असते माशीची अळी, दुसरी पतंगाची. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही. मामांची त्या हंगामाची फवारणी आणि मजुरी पाण्यात गेली.

हा फरक ओळखायला माणूस कसा शिकला, याचा शोध घेत मी मागे जात राहिलो आणि पोचलो थेट अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये.

रेओम्यूर नावाचा एक फ्रेंच गृहस्थ होता. तापमापकामुळे त्याचं नाव काहींनी ऐकलं असेल. त्याने कीटकांवर सहा जाडजूड खंड लिहिले, १७३४ ते १७४२ या काळात. त्यातल्या तिसऱ्या खंडात पानं पोखरणाऱ्या अळ्यांबद्दल सविस्तर येतं. एखादी अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये अख्खं बालपण काढते, हे लोकांना तेव्हा जादूसारखं वाटलं असणार. रेओम्यूरची पद्धत साधी होती: अळी बघायची, सांभाळायची, तिचं काय होतं त्याची वाट बघायची. त्यानंतर वीसेक वर्षांनी लिनियसने प्राण्यांना दोन शब्दी नावं देण्याची पद्धत पक्की केली आणि अगदी बारक्या पतंगांच्या नावांना शेवटी 'एला' लावायचा प्रघात पाडला. हा 'एला' लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पण पतंगाला नाव देणं वेगळं आणि पानातली अळी कुणाची हे कळणं वेगळं. अडचण अशी, की हे पतंग भलतेच लहान असतात. लिंबावरच्या नागअळीचा पतंग पंख पसरले तरी चार-पाच मिलिमीटर. तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान. दिव्यावर एखादा येऊन बसला तर तुम्ही त्याला धुळीचा कण समजाल. पकडून टाचणीला लावलात तरी तो कुठल्या झाडावरून आला, कसला बोगदा करत होता, काही कळत नाही. उलट, पान हातात असलं तर अळी दिसते, पण तिचा पतंग कसा होणार हे दिसत नाही. हे दोन अर्धे जोडायचा एकच मार्ग आहे: अळी घरी आणा आणि वाढवा.

हेच वेड लागलेला माणूस म्हणजे लंडनचा हेन्री टिबॅट्स स्टेन्टन, जन्म १८२२. घरची परिस्थिती उत्तम, राहायला लुईशॅम भागात मोठं घर. आठवड्यातून एका संध्याकाळी त्याचं दार किडे गोळा करणाऱ्या कुणासाठीही उघडं असायचं. कारकून या, दुकानदार या, कुणीही या. त्याने किडे गोळा करणाऱ्यांसाठी स्वस्त साप्ताहिक काढलं, ब्रिटनमधल्या फुलपाखरांचं आणि पतंगांचं परवडणारं पुस्तक काढलं. आज आपण ज्याला कम्युनिटी म्हणतो ती त्याने टपालावर उभी केली. आणि १८५५ ते १८७३ या काळात त्याने तेरा खंडांचा एक ग्रंथ पार पाडला, बारक्या पतंगांच्या जीवनक्रमावर. तोही एकाच वेळी चार भाषांत! इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि लॅटिन, एकाच पुस्तकात. सोबत जर्मनीचा झेलर, स्वित्झर्लंडचा फ्राय आणि इंग्लंडचा डग्लस. युरोपातला कुठलाही हौशी माणूस भाषेमुळे अडू नये, हा त्यामागचा हिशेब.

या पतंगांची माहिती जमवायची म्हणजे पानं आणून पतंग निघेपर्यंत सांभाळायची. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा! काचेच्या बरणीत पान ठेवलं की दोन दिवसांत एक तर ते सुकतं नाही तर त्याला बुरशी येते. पान सुकलं की आतली अळी उपाशी मरते, कारण बहुतेक जातींना दुसऱ्या पानात घर बदलता येत नाही. म्हणून अळी पूर्ण वाढत आली असतानाच पान तोडायचं. काही जाती बोगद्यातच कोष करतात. काही पान फाडून बाहेर पडतात आणि मातीत किंवा पाचोळ्यात कोष विणतात, म्हणजे बरणीच्या तळाला माती हवी. थंड देशातल्या कित्येक जातींचा कोष अख्खा हिवाळा काढतो. बरणी उबदार खोलीत ठेवलीत तर आतला जीव वाळून जातो, त्यामुळे ती बाहेर गारठ्यात ठेवून महिनोन्‌महिने वाट बघायची.

आणि एवढं करून वसंतात बरणी उघडली की आतून पतंगाऐवजी निघते एक चिमुकली गांधीलमाशी. तिच्या आईने बोगद्यातल्या अळीच्या अंगात अंडी घातलेली असतात. पोराने अळी आतून खाऊन टाकली, संपलं. नागअळी पाळणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हे येतं. वैताग येतो खरा, पण पुढे याच गांधीलमाश्या कामाला आल्या, तेही सांगतो.

पाळता पाळता या मंडळींच्या लक्षात आलं, की बोगदा ही सही आहे. काही जाती नागमोडी रेघ काढतात. काही पानावर फोडासारखा डाग पाडतात. काही डागाच्या आतून रेशीम ताणतात, मग पान आकसतं आणि तंबू उभा राहतो. अळीची विष्ठा बोगद्याच्या मधोमध बारीक रेघेत आहे की दोन्ही कडांना, की सगळीकडे विखुरलेली? बोगदा पानाच्या वरच्या बाजूला आहे की खालच्या? सुरुवात शिरेजवळ की कडेला? आणि सगळ्यात आधी, झाड कुठलं? कारण यातल्या पुष्कळ जाती एकाच झाडावर किंवा त्याच्या जवळच्या भावंडांवर जगतात. झाड ओळखलंत की शेकडो नावांतली बहुतेक गळून पडतात. झाडच चुकलं तर मात्र पुढचं सगळं चुकतं.

आता कोलकात्याला येऊ. तिथे विल्यम ॲटकिन्सन नावाचा शिक्षण क्षेत्रातला इंग्रज राहायचा आणि तो स्टेन्टनला भारतातले बारके पतंग पाठवायचा. १८५६ साली स्टेन्टनने कोलकात्याच्या एका इवल्याशा पांढऱ्या पतंगाचं वर्णन छापलं. चंदेरी पंख, त्यांच्या टोकाला एक काळा ठिपका. नाव दिलं फायलोक्निस्टिस सिट्रेला. सिट्रस म्हणजे लिंबू-संत्र्याचं कूळ, आणि शेवटी लिनियसचा तो 'एला'. नावातच झाड आहे! तुमच्या गॅलरीतल्या लिंबावरची रेघ काढणारी ती हीच. तिची अधिकृत कुंडली कोलकात्यात सुरू होते.

विदर्भातल्या संत्रा बागायतदाराला ही नवतीवरची कीड म्हणून पाठ असते. नवती फुटली की ती येते, कारण तिला कोवळं पानच लागतं. पान चुरगळतं, वाकडं होतं, वाढ खुंटते. कागदी लिंबावर दुखणं आणखी मोठं असतं. पापुद्रा फाटला की तिथून खैऱ्या रोगाचे जिवाणू आत शिरतात. म्हणजे अळी फक्त दार उघडते, चोरी दुसराच करतो.

हे दार किती महाग पडतं ते अमेरिकेने बघितलं. १९९३ च्या मे महिन्यात फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला नर्सरीतल्या लिंबूवर्गीय रोपांवर ही चांदीची रेघ दिसली आणि थोड्याच काळात राज्यभर पसरली. दोनच वर्षांनी, १९९५ मध्ये, मायामीच्या आसपास खैऱ्या सापडला. सरकारने रोगट झाडं आणि त्यांच्या आसपासची निरोगी झाडंही तोडायचा कार्यक्रम घेतला. लोकांच्या परसातली झाडंसुद्धा सोडली नाहीत. कोर्टकचेऱ्या झाल्या, लक्षावधी झाडं गेली, मधे वादळांनी रोग आणखी पसरवला आणि २००६ मध्ये तो कार्यक्रम गुंडाळावा लागला. खैऱ्या एकट्या नागअळीने आणला असं नाही, पण तिने केलेल्या जखमा त्याच्या कामी आल्या.

इथे एक गोष्ट मात्र पटकन झाली. कीड दिसल्याबरोबर ती कोण हे माहीत होतं. नाव ठाऊक, म्हणून मूळ प्रदेश ठाऊक. मूळ प्रदेश ठाऊक, म्हणून तिथे तिचा शत्रू कोण हेही शोधता आलं. १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियामार्गे एक आशियाई गांधीलमाशी फ्लोरिडात आणून सोडली. बरणीतून पतंगाऐवजी निघून वैताग आणणाऱ्यांच्याच जातकुळीतली. ती तिथे चांगली रुळली.

आता एकदम उलटं उदाहरण.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जगभरातल्या बारक्या पतंगांना नावं देण्याचं काम जवळजवळ एका माणसाच्या टेबलावर चालायचं. एडवर्ड मेरिक, इंग्लंडमधल्या मार्लबरोच्या शाळेत ग्रीक-लॅटिन शिकवणारा मास्तर. स्वतःच्या खर्चाने तो परदेशी पतंगांची वर्णनं छापायचा, आणि त्याने हजारो नावं ठेवली. अवजार काय, तर हातातलं भिंग. सूक्ष्मदर्शकाच्या वाटेला तो जायचा नाही. मला या माणसाबद्दल आदरही वाटतो आणि रागही येतो. एवढी नावं, पण त्यातल्या कितीतरींच्या मागे फक्त एक टाचणी आणि एका गावाचं नाव!

त्याच काळात बिहारमधल्या पुसा इथल्या शेती संशोधन संस्थेत बेनब्रिग फ्लेचर आला. आधी ब्रिटिश नौदलात होता, मग सरकारी कीटकतज्ज्ञ झाला. पुशाला काम उलट्या टोकाने चालायचं. आधी पीक, मग पान, मग अळी, मग बरणी, मग पतंग. तो पतंग नावासाठी मेरिककडे इंग्लंडला जायचा, आणि सोबत अमुक झाडाच्या पानातून वाढवला अशी नोंद असायची. १९२० साली फ्लेचरचं भारतीय बारक्या पतंगांच्या जीवनक्रमावरचं मोठं काम प्रसिद्ध झालं. पुस्तकावर नाव त्याचं. अळ्या सांभाळणारे, रोज पानं बदलणारे, चित्रं काढणारे पुष्कळसे भारतीय होते. सी. सी. घोष यांच्यासारख्या एखाद्याचं नाव छापील कागदावर येतं, बाकीच्यांचं शोधावं लागतं. १९३४ च्या भूकंपात पुशाची इमारत मोडली आणि संस्था दिल्लीला गेली. आजही तिला लोक पुसाच म्हणतात.

कोकण आणि गोव्यातल्या मंडळींसाठी एक गंमत. काजूच्या कोवळ्या पालवीवर करड्या रंगाचे फोड येतात, नंतर ते वाळून पानाला भोकं पडतात. हे काम ॲक्रोसर्कॉप्स सिन्ग्रामा या पतंगाच्या अळीचं, आणि त्याला १९१४ मध्ये नाव दिलं ते याच मेरिकने. ही अळी आंब्यावरही जगते. आंबा आणि काजू एकाच कुळातले आहेत, हे तिला शाळेत न जाता कळतं.

तर मेरिक. १९१७ मध्ये त्याने पेरू देशातल्या हुआनकायो या उंचावरच्या गावाहून आलेल्या एका करड्या पतंगाला ॲब्सोल्युटा असं नाव दिलं. नावात झाड नाही, अळीबद्दल एक अक्षर नाही. हजारो नावांतलं एक, ठेवलं आणि विसरलं. पुढे कळलं की ही दक्षिण अमेरिकेतली टोमॅटोची भयंकर कीड आहे. २००६ मध्ये ती स्पेनला पोचली, मग भूमध्य समुद्राभोवती, आफ्रिकेत, आखातात. आणि २०१४ मध्ये ती पुणे आणि आसपासच्या टोमॅटोत सापडली, त्याच सुमारास कर्नाटकातही. टूटा ॲब्सोल्युटा. हल्ली शास्त्रज्ञ तिला परत मेरिकने घातलेल्या जुन्याच घराण्यात ढकलतात, पण शेतात टूटा हेच नाव रुळलं.

मामांच्या टोमॅटोवर हीच होती. मी शेवटी पानंच मागवली, फोटो नको म्हटलं. मोबाईलचा टॉर्च पानाच्या मागून धरला आणि सगळं उघडं पडलं. माशीच्या नागअळीचा बोगदा बारीक आणि वेटोळ्यांचा असतो, आत पिवळसर अळी असते, तिला ना डोकं ना पाय. टूटाचा बोगदा रुंद डागासारखा पसरतो, आतल्या अळीला स्पष्ट डोकं आणि पाय असतात, आणि ती पानावर थांबत नाही, फळातही शिरते. मामांनी फळं बघितली. देठाशी भोकं होती. मग कामगंध सापळे लावले, पोखरलेली पानं-फळं काढून नष्ट केली. तो हंगाम वाचला नाही. पुढचा बरा गेला.

झाडावरून ओळखायची ही सगळी विद्या एका जागी आणली ती बर्लिनच्या एरिक मार्टिन हेरिंगने. अख्खं आयुष्य बोगद्यांत घालवलेला माणूस. १९५७ मध्ये त्याचं युरोपातल्या पानांच्या बोगद्यांवरचं ओळखीचं पुस्तक आलं. त्याची रचना बघा: वर्णानुक्रम लावलाय तो झाडांचा, किड्यांचा नाही. आधी झाड शोधा, मग बोगद्याचा आकार, मग विष्ठेची रेघ, मग नाव. पतंग बघायची गरजच नाही. तुम्हाला ही ॲपची रचना वाटली असेल तर बरोबर आहे, फक्त ती कागदावर होती. भारतातल्या झाडांसाठी असं एखादं पुस्तक हाताशी असतं तर मामांचे पैसे वाचले असते असं मला राहून राहून वाटतं.

शेवटची गोष्ट माझी सगळ्यात आवडती. १९८४ मध्ये मॅसिडोनियात ओह्रिड सरोवराजवळ हॉर्स चेस्टनटच्या झाडांवर अनोळखी नागअळी दिसली. १९८६ मध्ये नाव मिळालं, कॅमेरारिया ओह्रिडेला. १९८९ मध्ये ती ऑस्ट्रियात, २००२ मध्ये लंडनला. युरोपभर रस्त्याकडेची झाडं ऑगस्टमध्येच तपकिरी पडायला लागली. पण ही आली कुठून? अमेरिकेतून? आशियातून? या गटातला दुसरा पतंग युरोपात माहीतच नव्हता. वीस-पंचवीस वर्षं वाद चालला.

उत्तर कपाटात होतं. काही संशोधकांनी जुन्या वनस्पतिसंग्रहांतली, कागदावर दाबून चिकटवलेली चेस्टनटची पानं तपासायला घेतली. हेल्डराइख नावाच्या वनस्पतितज्ज्ञाने १८७९ मध्ये ग्रीसमध्ये गोळा केलेल्या पानांवर त्यांना डाग दिसले. डागांच्या आत चपट्या झालेल्या अळ्या होत्या. त्यातून डीएनए मिळाला आणि तो जुळला. २०११ मध्ये हे छापून आलं. कीड परदेशी नव्हतीच, ती बाल्कनमधल्या डोंगरांतली, तिथल्याच रानटी चेस्टनटवरची. हेल्डराइखने झाड गोळा केलं होतं, अळीवर त्याची नजरही गेली नसेल. त्याने न कळत एकशेतीस वर्षं तिला सांभाळलं.

त्याच सुमारास, २०१० मध्ये, ब्रिटनमधल्या दोन संशोधकांनी शाळेतल्या पोरांना कामाला लावलं. पोखरलेलं एक पान घ्या, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा, दोन आठवडे थांबा, मग मोजा, पतंग किती आणि गांधीलमाश्या किती. बस. स्टेन्टनच्या बरणीची जागा सँडविचच्या पिशवीने घेतली.

लिंबाचं पान तुम्हीही असंच ठेवू शकता. ज्या पानाची कड आत मुडपलेली दिसेल ते घ्या, कारण या अळीचा कोष त्या घडीत असतो आणि त्याला आता खायला काही लागत नाही. आत टिपकागदाचा तुकडा टाका, म्हणजे बुरशी धरणार नाही. तोडण्याआधी झाडाचा फोटो, पानाची दोन्ही बाजूंनी फोटो, आणि एक टॉर्च मागून धरून. तारीख आणि गाव लिहून ठेवा. आपल्याकडच्या उकाड्यात आठवडाभरात आत काहीतरी फडफडेल. पांढरं, पंखाच्या टोकाला काळा ठिपका असेल तर सिट्रेला. काळी, चमकदार निघाली तर गांधीलमाशी, आणि तिला परत त्याच झाडाजवळ सोडून द्या.

काय निघालं ते मला कळवा. फोटोबरोबर झाडाचं नाव मात्र विसरू नका. भेटू पुढच्या भागात.